नर्सबाईंचा पडदा

आमच्या गावात कुणाच्या घरी बाळंतपण असलं की ओट्यावर पाच-सात पुरुषमाणसं विड्या ओढत बसलेली असायची. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला की सगळी एकदम उठून दाराशी यायची आणि विचारायची, "काय झालं?" आतून तोडकर नर्सबाईंचं ठरलेलं उत्तर यायचं, "बाळ झालं. आई बरी हाय." मुलगा की मुलगी, हे नर्सबाई कधीच सांगत नसत. ते आधी आईला दाखवायचं, आईनं पोटभर बघायचं, मग आईच्या तोंडून सासूला, सासूच्या तोंडून ओट्याला, अशी ती बातमी सावकाश चालत बाहेर यायची. तोवर ओट्यावरच्यांनी हात चोळत बसावं.

किराणा दुकानवाल्या नारायणशेठच्या घरी तीन मुलींनंतर चौथं बाळंतपण होतं, तेव्हा तर मोठी गंमत झाली. त्यांनी भाच्याला मोपेडवर बसवून तयार ठेवलं होतं. वडवणीला जायचं आणि मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर जिलबी आणायची. आत बाळ रडलं. भाच्यानं मोपेड सुरू केली. नर्सबाई म्हणाल्या, "बाळ झालं. आई बरी हाय." मोपेड फटफटत राहिली. नारायणशेठ काकुळतीला येऊन दारातून म्हणाले, "नर्सबाई, तेल जळायलंय हो. नुसतं पेढे का जिलबी, तेवढं तरी सांगा!"

"दोन्ही आणा," आतून उत्तर आलं.

आणि त्यांनी खरंच दोन्ही आणलं. गावात आठवडाभर लोकांना कळेना की शेठच्या घरी नक्की काय झालंय.

मी या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तरीण म्हणून आले, तेव्हा वडवणी अजून तालुका व्हायचा होता. गावात एकुलता एक एसटीडी बूथ नुकताच आला होता, रुपयाच्या शाम्पूच्या पुड्या दुकानात माळेसारख्या लटकायला लागल्या होत्या, आणि बापूरावांच्या गच्चीवर भल्यामोठ्या ताटासारखी डिश बसली होती. गावाचं नाव मी सांगत नाही. गाव अजून आहे, त्यातली माणसंही बरीचशी आहेत, आणि त्यांच्याबद्दल बोलायचा हक्क मला किती, याची मला खात्री नाही. नर्सबाईंकडून उशिरा शिकलेली ही गोष्ट आहे.

प्रयागबाई तोडकर हे त्यांचं नाव. मूळच्या अंबाजोगाईकडच्या, व्यापारी लिंगायत घरातल्या. नवऱ्यानं दुसरं घर केल्यावर त्यांनी नर्सिंग शिकून नोकरी धरली आणि उज्ज्वला नावाच्या आपल्या मुलीला एकटीनं वाढवलं. मी आले तेव्हा गावात त्यांना वीसेक वर्षं झाली होती. ठेंगणा बांधा, पांढरी साडी, काळी छत्री. छत्री बारा महिने हातात. उन्हात उघडायच्या, पावसात उघडायच्या, आणि कुणी फार भोचकपणा करायला लागला की त्याच्या तोंडासमोरही उघडायच्या. रोज सकाळी उपकेंद्राच्या पायरीवर बसून ब्लेडनं नखं कापायच्या. काल कापलेली नखं आज कितीशी वाढणार? पण त्या कापायच्याच. काही अडलं की गळ्यातल्या चांदीच्या डबीतल्या लिंगाला हात लावायचा, "शिवा" म्हणायचं आणि कामाला लागायचं. एवढीच त्यांची पूजा.

त्यांच्या पिशवीत उकळलेली कात्री, दोरा, कापूस यांबरोबर एक पडदा असायचा. उपकेंद्राला सरकारी पडदा मिळावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं अर्ज केले. पडदा काही आला नाही. शेवटी आईच्या एका सुती इरकली लुगड्याचा त्यांनी स्वतः पडदा शिवला. हिरवा, लाल काठाचा. गावात घरं एक-एक खोलीची, त्यात आठ-दहा माणसं. नर्सबाई बाळंतपणाला गेल्या की आधी दोन खिळे ठोकायच्या, दोरी बांधायच्या आणि पडदा सोडायच्या. मग पाणी मागायच्या. "पडदा न्हाई तर दवाखाना न्हाई," असं त्यांचं म्हणणं.

आणि पडद्याआड जे बघितलं ते पडद्याआडच राहायचं. कुणाच्या पोटावर कसले वळ होते, कुणाचं सातव्या महिन्यातलं म्हणून सांगितलेलं बाळ पुऱ्या नऊ महिन्यांचं होतं, कोण कुणाचं नाव घेऊन ओरडलं, गावाची अर्धी गुपितं त्या बाईंच्या पोटात होती. बायका चहा पाजून, पाय दाबून विचारायच्या. नर्सबाई म्हणायच्या, "मला इसरायची सवय हाय गं." एवढं बोलून छत्री उघडायच्या.

मी एकदा त्यांना म्हटलं होतं, "मुलगा-मुलगी सांगायला काय हरकत आहे? लोक बिचारे ताटकळतात."

"आईनं नऊ महिने वागवलं, आन् तिच्याआधी ओट्यावरच्या बाप्यांना कळावं? कावून?" त्या म्हणाल्या. मग नखं कापता कापता थांबल्या. "आन् मी येकदा तोंडातून काढलं ना मास्तरीणबाई, की त्या लेकराचं समदंच ठरतं बगा. त्यानं रडावं का न्हाई, शिकावं का न्हाई, कुठं बसावं. घटकाभर तरी नुसतं बाळ असू द्या की त्याला."

माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली होती, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचा प्रश्नच नव्हता. भर दुपारी, शाळेमागच्या आमच्या भाड्याच्या खोलीत, त्या हिरव्या पडद्याआड माझी लेक जन्मली. दुसऱ्या दिवशी मला आणि बाळाला न्हाऊ घालायला सखूबाई सुईण आली. सखूबाईच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं, समोरचं ताट दिसत नव्हतं. तिला हाताला धरून सुमन घेऊन आली होती.

सुमन सखूबाईचं लेकरू. सखूबाईचं बाळंतपणही नर्सबाईंनीच केलेलं, गावातल्या त्यांच्या अगदी पहिल्या काही बाळंतपणांतलं. तेव्हा रजिस्टरात मुलगा म्हणून नोंद झाली होती आणि घरच्यांनी मुलग्याचं नाव ठेवलं होतं. ते नाव मला माहीत आहे, पण ते तिनं टाकलं होतं, म्हणून मीही टाकते. पंधरा-सोळा वर्षांची झाली तेव्हापासून ती लुगडं नेसायची. बापानं बडव-बडव बडवलं, मग तो मेला. सखूबाई म्हणाली, माझ्या पोटी लेक नव्हती, आता झाली. आईच्या मागे पाणी वाहता वाहता सुमन आईचं सगळं काम शिकली. आणि आईचे डोळे गेले तेव्हा गावातल्या बायकांनी कुठलीही बैठक न घेता, कुणालाही न विचारता एक व्यवस्था लावून टाकली. सखूबाईनं खोलीत येऊन कोपऱ्यात पाटावर बसायचं. न्हाऊ सुमननं घालायचं. बाहेर पुरुषांची समजूत अशी, की म्हातारी न्हाऊ घालते आणि सुमन अंगणात चुलीवर पाणी तापवते.

त्या दिवशी सुमन उंबऱ्याबाहेरच थांबली. "बाई, मी आत येऊ का? तुमची मर्जी," म्हणाली. मी नर्सबाईंकडे बघितलं. त्या छताकडे बघत होत्या. मी म्हटलं, ये.

सव्वा महिना तिनं मला न्हाऊ घातलं. पाठीवर कढत पाणी सोडायची, पोट चोळायची, दुखऱ्या जागी हात आपोआप हलका व्हायचा. मग दोन्ही पाय लांब पसरून त्यावर बाळाला पालथं घ्यायची आणि त्याच्याशी गप्पा मारायची. "आगं माझे सायबीण, रडतीस कावून? शाळंत न्यायची हाय का तुला आत्ताच?" मला त्या दिवसांत आईची फार आठवण यायची. एकदा न्हाता न्हाता मी रडायला लागले, तर तिनं काही न विचारता पाण्याचा आणखी एक तांब्या डोक्यावर ओतला, म्हणजे रडणं कळू नये. कोपऱ्यातून सखूबाईनं विचारलं, "काय झालं गं?" सुमन म्हणाली, "काय न्हाई, पाणी लई गरम झालं."

आमचे हे एकदा म्हणाले, "सखूबाईला अजून जमतं का गं?" मी म्हटलं, "जमतं की." गावातल्या प्रत्येक बाईनं आपापल्या नवऱ्याला हेच सांगितलेलं होतं.

पुढे माझी मुलगी चार वर्षांची झाली तेव्हा पंचायतीची निवडणूक लागली. बायकांना राखीव जागा आल्या होत्या आणि आमच्या गावचा तीन नंबरचा वॉर्ड बायकांसाठी होता. त्या वॉर्डातला हापसा दोन वर्षं मोडून पडलेला. बायका ओढ्यापर्यंत पाण्याला जायच्या. बापूराव म्हणजे गावचं वजनदार माणूस, पंचायत त्यांच्या घरातल्यासारखीच. त्यांनी आपली सून कमल उभी करायचं ठरवलं होतं. पण वॉर्डातल्या बायकांनी सुमनच्या मागे लकडा लावला. "तूच ऱ्हा उभी. तुला घरी इचारायला नवरा न्हाई, सासू न्हाई. हापशासाठी भांडशील तरी."

मी मुलीला पोलिओचा डोस द्यायला उपकेंद्रात गेले होते तेव्हा सुमन नर्सबाईंसमोर बसलेली होती. मतदार यादीत तिच्या जुन्या नावापुढे 'पुरुष' लिहिलेलं होतं. फॉर्म भरायचा तर गावानं आणि नर्सबाईंनी तिच्या बाजूनं बोलायला हवं होतं.

"उभी राहू नको, सुमन," नर्सबाई म्हणत होत्या. "आज तू दिसतीस ते लोकांनी मान्य केलंय, कारण कुणी मोठ्यानं इचारलं न्हाई. उभी राह्यलीस की इचारतील."

"मंग सांगा की तुमी. तुमीच मला पयल्यांदा बगितलं."

नर्सबाईंनी पुढ्यातलं रजिस्टर मिटलं. "मी बाळ बगितलं होतं," त्या म्हणाल्या. "मागून रजिस्टरात मुलगा म्हणून लिवलं ते मीच. तुला न इचारता." मग डबीला हात लावून म्हणाल्या, "बोलते मी."

बैठक आमच्या शाळेच्या व्हरांड्यात भरली. रविवार होता, सकाळचे दहा-अकरा वाजले असतील. पुरुष सतरंजीवर, बायका लांब वर्गाच्या भिंतीला टेकून, पदर पुढे ओढून. मी वर्गाच्या दारात मुलीचा हात धरून उभी. सुमन खांबापाशी उभी होती. स्वच्छ धुतलेलं निळं लुगडं नेसून आली होती.

सुरुवात हसतखेळतच झाली. बापूराव म्हणाले, "यादीत तर बाप्या लिवलंय." नर्सबाई म्हणाल्या, "यादीत गयाआजीला बी पुरुष लिवलंय, आन् वय अठरा. आजीचं लग्न लावायचं का आता?" सगळे हसले. गयाआजी सगळ्यांत जास्त हसली. मला वाटलं, निभावलं.

पण बापूराव हसता हसता थांबले. तो माणूस दुष्ट नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. त्यांना फक्त आपलं म्हणणं गावात खाली पडलेलं चालत नसे. ते म्हणाले, "नर्सबाई, चेष्टा ऱ्हाऊ द्या. बाळंतपण तुमी केलं. तुमच्या डोळ्यांनी बगितलं. सरळ सांगा, ही बाई हाय का बाप्या?"

"ते पडद्याआडचं हाय, बापूराव."

"मंग पडदा काढून बगू बे!" मागून एक जण ओरडला. "लुगडं फेडा, समदं कळतंय आत्ताच." दोघं-तिघं हसले. एक जण खरोखरच उठला. सुमननं खांब धरला. गावातली निम्मी लेकरं न्हाऊ घातलेल्या हातांनी तिनं तो घट्ट आवळून धरला.

नर्सबाईंना मी रागावलेलं कधी बघितलं नव्हतं. त्या उठल्या आणि छत्री जमिनीवर आपटली.

"बगायची गरज न्हाई! घरी जाऊन आपल्या बायकांना इचारा! बापूराव, तुमच्या कमलला सव्वा महिना कुणी न्हाऊ घातलं? सखूबाईनं? सखूबाईला सोताचा हात दिसत न्हाई! ती कोपऱ्यात बसती नुसती. तुमची सून, तुमची पुतणी, ह्या गावातली हरेक बाळंतीण हिच्या हातनं न्हालीया. बाईच्या अंगाला बाईच हात लावती का न्हाई? तुमच्या घरच्या बायकांनी कवाच ठरवलंय ही कोण हाय! तुमी कोण ठरवणारे?"

 मग पुरुषांच्या माना एकेक करून वळल्या. प्रत्येक जण आपापल्या बायकोकडे, सुनेकडे, लेकीकडे बघत होता. ते बघणं मी अजून विसरलेले नाही. भिंतीला टेकलेल्या बायका आणखी आत सरकल्या, पदर आणखी खाली आले. नर्सबाईंच्या ते लक्षातच आलं नाही. त्या बायकांकडे वळून मोठ्या विश्वासानं म्हणाल्या, "सांगा की गं कुणीतरी! कमल? शेवंता? सांगा, भ्यायचं काय त्यात?"

कुणी उठलं नाही. कमलनं मान हलवली. "न्हाई," म्हणाली. "सुमन उंबऱ्याच्या आत कधी आली न्हाई."

मग नर्सबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी शिकलेली. मी नोकरीवाली. माझ्या हातात त्यांच्या हातून जन्मलेली, सुमननं न्हाऊमाखू घातलेली पोर. सतरंजीवरून आमचे हेही माझ्याकडेच बघत होते. मला फक्त एक शब्द बोलायचा होता. मी मुलीच्या फ्रॉकचं बटण लावायला खाली वाकले. ते बटण आधीच लावलेलं होतं.

त्या दिवशी गावात ज्या घरात मार पडला नाही असं घर शोधावं लागलं असतं. बायकांना लेकरांच्या डोक्यावर हात ठेवून शपथा घ्यायला लावल्या, आणि त्यांनी खोट्या शपथा घेतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सखूबाईच्या झोपडीपुढची पाणी तापवायची मोठी चूल कुणीतरी फोडून टाकलेली होती. फॉर्म भरायची मुदत संपायच्या आधीच सुमन म्हाताऱ्या आईला घेऊन निघून गेली. जाताना कुणाच्या दाराशी थांबली नाही. आमच्याही नाही.

मला वाटलं होतं, नर्सबाईंवर पुरुष रागावतील. त्यांचा राग दोन आठवड्यांत निवला. बायकांचा निवला नाही. उपकेंद्राच्या पायरीवर कमल एकदा त्यांना म्हणाली ते मी ऐकलं. तिच्या गालावर अजून हिरवंनिळं होतं. "नर्सबाई, तुमच्या पोटात गाव मावलं होतं. आन् तुमीच आमचं घर उघडं केलं. सुमनचं कुणी केलं नसतं येवढं आमी तिचं करत होतो, गप राहून. तुमी बोलला, तिचं बी गेलं आन् आमचं बी."  नर्सबाईंनी छत्रीही उघडली नाही. हातातलं ब्लेड तसंच धरून बसून राहिल्या.

लसीच्या वाराला कुणी येईना. पोटुशी बायका पाच कोसांवर दुसऱ्या गावी जायला लागल्या. मग कुणीतरी वर अर्ज केला, की नर्सबाई बाळंतिणीच्या खोलीत बाप्याला सोडतात. चौकशीला साहेब आले. त्यांनी शाळेत येऊन माझाही जबाब मागितला. मी लिहून दिलं, "मला याबाबत काही माहिती नाही." माझं अक्षर चांगलं आहे. फळ्यावर मी रोज सुविचार लिहिते. त्याच वळणदार अक्षरात मी ते वाक्य लिहिलं आणि खाली सही केली.

त्यांची बदली डोंगरापलीकडच्या, एसटीही दिवसातून एकदाच जाणाऱ्या गावी झाली. पण त्यांना खरा घाव बसला तो वेगळाच. उज्ज्वलाला अंबाजोगाईला दिली होती, कापडदुकानवाल्यांच्या घरात. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण आईकडे, हा रिवाज. त्यात आई नर्स. नर्सबाईंनी नव्या गावच्या खोलीला चुना लावून ठेवला होता, डिंकाच्या लाडवांचं सामान आणून ठेवलं होतं, हे मला त्यांच्या शिपायाकडून कळलं. सासरहून निरोप आला, "तुमच्याकडं कोण कुणाला न्हाऊ घालतं ते समद्या जिल्ह्याला कळलंय. आमची सून पाठवायची न्हाई. आन् तुमी बी येऊ नका." हजारभर बाळंतपणं केलेल्या बाईला स्वतःच्या लेकीच्या बाळंतपणाला मनाई झाली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी चुलतसासूबाईंना बघायला अंबाजोगाईच्या दवाखान्यात गेले होते. बाळंतिणींच्या वॉर्डाकडे जाणाऱ्या लांब बोळात, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, बाकड्याच्या टोकावर एक बाई बसलेली होती. मांडीवर पिशवी, बाजूला काळी छत्री. मी छत्री ओळखली आणि माघारी फिरायला निघाले. खरं सांगायचं तर निघालेच होते.

"बसा, मास्तरीणबाई," त्या म्हणाल्या.

फार वाळल्या होत्या. पांढऱ्या साडीत नुसती हाडं उरल्यासारखी दिसत होती. बोळाच्या दुसऱ्या टोकाला, वॉर्डाच्या दाराशी उज्ज्वलाच्या सासरची माणसं उभी होती. त्यांना दिसू नये म्हणून त्या टाकीआड बसल्या होत्या. सकाळी सहापासून.

"तुम्ही नर्स आहात, तुम्हाला कोण अडवणार? आत जा ना," मी म्हटलं.

"मी गेले की भांडण हुईल. आन् ती आता कळा सोसायलीय. तिच्या कानावर भांडण कशाला?"

आतून बाळ रडल्याचा आवाज आला. मी दचकून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. "हे न्हवं. हे दोन दिवसांचं हाय. भुकेचं रडतंय."

मी म्हटलं, "नर्सबाई, त्या दिवशी मी..."

"ऱ्हाऊ द्या." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. नखं नेहमीसारखीच कापलेली. "मी बोलले ते खरं होतं. पन ते माझं न्हवतं. तुमचं समद्यांचं होतं. तुमी विश्वासानं पडद्याआड ठेवलेलं, आन् मी न इचारता भर व्हरांड्यात काढलं. पंचवीस वर्सं तोंड धरलं आन् येका घटकेत सोडलं. गप बसले असते तर सुमन आज गावात असती."

"गप बसला असता तर त्यांनी तिचं लुगडं फेडलं असतं," मी म्हटलं.

"त्येच तर," त्या म्हणाल्या. "त्येच कळत न्हाई मला अजून."

त्यांनी पिशवीतून एक झबलं आणि एक दुपटं काढून मला दाखवलं. तान्ह्या बाळाला पहिले दिवस जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापडच घालतात. हिरव्या कापडाचं दुपटं होतं, त्याला लाल काठ. मी काठावरून बोट फिरवलं आणि मला कळलं.

"पडदा कापलात?"

"नव्या गावाला सरकारी पडदा हाय. दांडीसकट." त्या थोडं हसल्या. "आन् हे लई मऊ झालतं. सुमननं शिवलंय. परळीला असती, शिवणकाम करती. सखूबाई गेली तिची. सुमन म्हनली, लेकराला न्हाऊ घालायला तर मला कुणी येऊ देणार न्हाई, माझ्या हातचं कापड तरी अंगाला लागू द्या." त्यांनी दुपट्याची घडी नीट केली. "कुणी शिवलं ते सांगू नका आत. ते पडद्याआडचं."

तेवढ्यात पुन्हा रडणं ऐकू आलं. नवं, चिरकं, दम घेत घेत आलेलं. नर्सबाई ताडकन उठल्या. छत्री खाली पडली. पायही दोन पावलं पुढे गेले, आणि मग टाकीपाशी थांबून त्या परत बाकड्यावर बसल्या. पलीकडे दाराशी गलका झाला. कुणीतरी मिठाईचा पुडा सोडला, लोक एकमेकांना घास भरवायला लागले. पेढे की जिलबी, इथून दिसत नव्हतं. त्यातलं कुणीही बोळाच्या या टोकाकडे आलं नाही. आयुष्यभर दाराआडून दुसऱ्यांना निरोप देणाऱ्या बाईला निरोप द्यायला कुणी नव्हतं.

"मास्तरीणबाई, जरा आत जाता का?" त्या म्हणाल्या.  "बाकी काय इचारू नका. आई बरी हाय का, येवढंच बगून या."

मी पिशवी घेतली आणि गेले. उज्ज्वला घामानं भिजून पडली होती. मला बघून तिचे डोळे आधी माझ्या मागे गेले. मग हळूच विचारलं, "आई आलीया का?" मी होकाराची मान हलवली. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि तिचे खांदे हलायला लागले. सासू दुपटं उलटंपालटं करून बघत होती. "कुणी शिवलं हो हे? लई मऊ हाय."

"मी," मी म्हटलं. "आईकडून आलेल्या जुन्या लुगड्याचं आहे."

त्यांनी ते बाळाला गुंडाळलं.

मी बाहेर आले तेव्हा नर्सबाई उभ्याच होत्या. ओट्यावरच्या माणसांचं तोंड कसं होत असेल ते मला त्या दिवशी कळलं. मी त्यांच्यासमोर गेले आणि म्हटलं, "बाळ झालं. आई बरी आहे."

त्यांनी डबीला हात लावला. "शिवा," म्हणाल्या. मग वाकून छत्री उचलली, साडी झटकली आणि बोळातून बाहेरच्या दाराकडे चालायला लागल्या. त्यांची दिवसाची एकुलती एक एसटी चुकून चालणार नव्हती. मला राहवलं नाही. मी मागून हाक मारली, "नर्सबाई, अहो, काय झालं ते तरी विचारा!"

त्यांनी मागे न बघता हात वर केला.

"बाळाची आई सांगंल की मला," म्हणाल्या. "कवातरी."

दाराबाहेर मे महिन्याचं ऊन पडलं होतं. त्यांनी छत्री उघडली आणि त्या फाटकाबाहेर गेल्या. उज्ज्वलानं त्यांना कधी सांगितलं की नाही, ते मला माहीत नाही.